मुखपृष्ठावरचं कोपर

"हे कोपर माझं आहे," हार्लन पीट म्हणाला.

शनिवारची सकाळ. लायल गोसलिन तव्यावरचा पॅनकेक उलटायच्या बेतात होता आणि हार्लन बुटांवरचा बर्फ न झटकताच थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात गावाचा वार्षिक अहवाल होता. आदल्याच दिवशी तो टपालाने वेस्ट कॅडवेलच्या चारशे बारा घरी पोचला होता, आणि त्याच्या मुखपृष्ठावर लायलने केलेलं कोलाज होतं. त्या कोलाजमधल्या गर्दीत उजवीकडून तिसरा जो पाठमोरा माणूस होता, त्याच्या कोपरावर हार्लनचं जाडजूड बोट टेकलं होतं.

लायलने चष्मा वर सारून पाहिलं. तपकिरी जाड कोट, कोपरावर चामड्याचं ठिगळ. मग त्याने हार्लनकडे पाहिलं. तपकिरी जाड कोट, कोपरावर चामड्याचं ठिगळ. पॅनकेक करपायला लागला.

"तुझं नाहीये ते," लायल म्हणाला.

"मग कोणाचं?"

"असेल कोणाचं तरी. पण तो माणूस इथला नाही. कपड्यांच्या कॅटलॉगमधला मॉडेल आहे तो."

"मग माझा कोट घालून काय करतोय?"

लायलने गॅस बंद केला आणि समजावायला घेतलं. पण हार्लनला कॅटलॉगशी देणंघेणं नव्हतं. त्याचं दुखणं वेगळंच होतं. ज्याच्या आजोबांनी गावच्या शाळेची तुळई स्वतःच्या खांद्यावरून वाहून आणली, त्या हार्लन पीटला लायलने शाळा बंद करणाऱ्यांच्या बाजूला उभं केलं होतं. आता तो कोणत्या तोंडाने दुकानात कॉफी प्यायला जाणार होता?

शाळेचा वाद गेलं वर्षभर गावात धुमसत होता. शाळेत मुलं उरली होती एक्केचाळीस. अर्ध्या गावाचं म्हणणं, शाळा ठेवा. अर्ध्या गावाचं म्हणणं, पोरांना बसमध्ये घाला आणि अकरा मैलांवरच्या मोठ्या शाळेत पाठवा. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते, तिथे या प्रश्नाची तड लागायची होती. त्याआधी अहवाल घरोघर जायला हवा, तसा कायदाच आहे. अहवालाच्या मुखपृष्ठावर गेली चौदा वर्षं ओढ्यावरच्या छप्पर असलेल्या लाकडी पुलाचा फोटो असायचा. कधी बर्फातला, कधी पानगळीतला. यंदा पुलाची डागडुजी निघाली आणि त्याच्याभोवती परांच्या बांधलेल्या. तेव्हा पंचमंडळातल्या तिघांपैकी कोणाला तरी आठवलं की लायल हल्ली काहीतरी कापत-चिकटवत असतो.

लायल तीस वर्षं गावात टपाल वाटून निवृत्त झाला होता. पहिल्या हिवाळ्यात घरात बसून बायकोच्या डोक्याला ताप नको म्हणून तो लायब्ररीतल्या कोलाजच्या वर्गाला गेला आणि तिथल्या बाईंनी त्याला सांगितलं, की नुसतं चित्र करू नका, प्रतीक शोधा. झालं. तेव्हापासून लायलला जिकडेतिकडे प्रतीकं दिसायला लागली. बंदुकीच्या वादावर त्याने एक कोलाज केलं, त्यात बंदुकांच्या फळीवर दुधाच्या बाटल्या टांगल्या. शिकारीला जाणारी मंडळी अख्खा मोसम त्याच्याशी बोलली नाहीत. टेकडीवरच्या पवनचक्क्यांच्या वादावर दुसरं केलं, त्यात गाईंना कानांच्या जागी पाती लावली. त्यावर पवनचक्कीवाले चिडले आणि गाईवालेही. लायब्ररीने ही चित्रं स्वच्छतागृहाच्या बोळात लावली होती. तिथे निदान माणूस घाईत असतो.

मुखपृष्ठाचं काम आलं तेव्हा लायलच्या बायकोने, नॉरीनने, एकच अट घातली होती.

"गावातला एकही माणूस त्यात दिसता कामा नये," ती म्हणाली होती. "हात नाही, पाय नाही, कुत्रासुद्धा नाही. ऐकतोयस ना?"

कारण नॉरीन गावाची टाउन क्लार्क होती. अठरा वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी, लग्नाचे दाखले, जमिनीची कागदपत्रं, कुत्र्यांचे परवाने, सगळं तिच्या हातून गेलं होतं. ही जागा निवडून यायची असते, आणि अठरा वर्षांत तिच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नव्हतं. यंदा राहिलं होतं. रोवेना कील. दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसणारी, चुणचुणीत, आणि गेला महिनाभर दुकानात भेटेल त्याला "बदल हवा, नाही का?" असं हसून विचारणारी. नॉरीनला या कामाशिवाय दुसरं काही नको होतं. सुट्टीच्या दिवशीही ती एकदा ऑफिसात जाऊन कपाटं नीट बंद आहेत ना ते बघून यायची. ती जागा गेली तर ही बाई सकाळी उठून जाणार कुठे, हा प्रश्न लायलला गेला महिनाभर छळत होता.

म्हणून त्याने अट तंतोतंत पाळली. गावातल्या कोणाचाच फोटो घेतला नाही. घरात हिवाळी कपड्यांचं एक जुनं कॅटलॉग पडलं होतं, त्यातले मॉडेल कात्रीने कापले. चेहरे नकोत म्हणून सगळे पाठमोरे निवडले. मधोमध कागद फाडल्याची रेघ. डावीकडे शाळेची घंटा आणि तिच्यापाशी बारा माणसं, उजवीकडे पिवळी बस आणि तिच्यापाशी बारा माणसं. मोजून. कोणाला बोलायला जागा नको. मध्ये एक रिकामी छोटी खुर्ची, म्हणजे मूल. आता यात त्या माणसाचं काय चुकलं, सांगा.

हार्लनला पटवायला लायल आतून ते कॅटलॉग घेऊन आला. चौतीस नंबरचं पान काढलं. पानावर माणसाच्या आकाराचं भोक होतं आणि भोकातून पुढच्या पानावरचे लोकरी मोजे दिसत होते.

"हे बघ. इथे होता तो."

हार्लनने अहवाल भोकाशेजारी धरला. कोपराचा आकार बरोबर जुळला.

"माझंच आहे," तो समाधानाने म्हणाला. "बघ की, कसं बसतंय."

सोमवारी नॉरीनच्या ऑफिसात रांग लागली. एरवी फेब्रुवारीत तिथे कुत्र्यांच्या परवान्याखेरीज कोणी फिरकत नाही. आता प्रत्येकाच्या हातात अहवाल आणि प्रत्येकाचं बोट कुठल्या ना कुठल्या पाठीवर. मिसेस डफी चाळीस वर्षं त्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांची हिरवी टोपी बसच्या बाजूला होती. पिवळी बस चालवणाऱ्या बाईचे बूट घंटेच्या बाजूला होते. दोघी बहिणी एकाच निळ्या मफलरवर हक्क सांगत होत्या आणि मफलर कुठल्या बाजूला आहे यावरून नव्हे, तर ती कोणाची मान आहे यावरून भांडत होत्या.

दुपारी लायल जेवणाचा डबा घेऊन गेला तर नॉरीन कपाळ धरून बसलेली.

"तीस वर्षं त्या कॅटलॉगवाल्या कंपनीची खोकी तूच दारोदार टाकलीस ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग या गावात सगळे त्याच एका ठिकाणचे कपडे घालतात, हे तुझ्या डोक्यात कसं नाही आलं?"

लायलच्या डोक्यात खरंच आलं नव्हतं. तीस वर्षं त्याने खोकी पाहिली होती, आतले कोट नव्हेत. जवळपास दुसरं कपड्यांचं दुकान नाही, हिवाळा सहा महिने, आणि एकदा घेतलेला कोट पंधरा वर्षं टिकतो. वेस्ट कॅडवेलमध्ये माणूस लांबून चेहऱ्यावरून ओळखतच नाहीत, कोटावरून ओळखतात. कोलाजमधला समाज बिनचेहऱ्याचा ठेवायचा तर तो असल्या गावात ठेवायला नको होता, एवढीच काय ती चूक.

पण नॉरीनचा खरा घोर पुढे होता. तिने अहवाल त्याच्यापुढे सरकवला आणि बोट ठेवलं. बसच्या बाजूला, पुढच्याच रांगेत, लाल कोट घातलेली एक बाई. नॉरीनच्या मागे भिंतीवरच्या खुंटीला तिचा लाल कोट टांगलेला होता.

क्लार्कने वादात बाजू घ्यायची नसते. नॉरीनने अठरा वर्षांत एकदाही घेतली नव्हती. गावाची बर्फ काढायची गाडी लाल रंगवायची की पिवळी, या प्रश्नावर घरी जेवतानासुद्धा तिने तोंड उघडलं नव्हतं. आणि आता गावाच्या अहवालावर, नवऱ्याच्या हातून, ती शाळा बंद करणाऱ्यांच्या पुढच्या रांगेत उभी होती.

"रोवेना सकाळीच येऊन गेली," नॉरीन म्हणाली. "म्हणे, मनात जे असतं ते बाहेर यायचंच, वाईट वाटून घेऊ नकोस."

"अगं पण ती तू नाहीयेस. मी कापताना तू समोर बसली होतीस."

"मला माहितेय रे. पण गावाला कोण सांगणार?" तिने टेबलावरचं भिंग उचललं आणि लाल कोट पुन्हा एकदा न्याहाळला. "डावा खांदा मात्र थोडा खाली आहे. माझाही असतो."

लायलने मनावर घेतलं. गावाला आपण सांगू. अख्खं, न कापलेलं कॅटलॉग मिळालं की झालं, प्रश्न मिटला. त्याने घरोघर विचारलं. तीन वर्षांपूर्वीचा अंक, कोणाकडे असणार? सगळ्यांचे रद्दीत गेलेले. दुकानात विचारलं, लायब्ररीत विचारलं, केस कापणाऱ्याकडे विचारलं. शेवटी त्याला दातांचा दवाखाना आठवला; तिथे जुनी मासिकं वर्षानुवर्षं पडलेली असतात. फोन केला तर उचलला रोवेनाने. तिने अगदी गोड आवाजात सांगितलं की होतं बहुतेक, पण मागच्याच महिन्यात टाकून दिलं. मग कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने अर्धा तास गाणी ऐकवून सांगितलं की जुने अंक आम्हीही ठेवत नाही, पण त्या तपकिरी कोटावर सध्या सूट आहे.

दरम्यान जे कोलाजमध्ये नव्हते ते यायला लागले. लायल अक्षरशः रडकुंडीला आला. ओढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्याने तर रस्त्यात गाडी आडवी घालून विचारलं की आम्ही कर भरत नाही का, मग आम्हाला का घेतलं नाही. लायल म्हणाला, यात गावातलं कोणीच नाही. त्यावर तो म्हणाला, हार्लन आहे, मी कोपर पाहिलंय. आणि रिकामी खुर्ची! प्रत्येकजण येऊन विचारी, ही खुर्ची कोणासाठी ठेवलीय? कोण येणार आहे? लायल सांगे, ते प्रतीक आहे, मूल. लोक मान हलवत आणि एकमेकांना हळूच सांगत, रोवेनासाठी ठेवलीय, कळलं का.

सुरुवात हार्लननेच केली. दुकानाच्या काउंटरवरून त्याने कात्री मागून घेतली, आपल्या अहवालावरून स्वतःला कापून काढलं आणि गोंद लावून घंटेच्या बाजूला चिकटवलं. मग तो अहवाल त्याने ट्रकच्या काचेला आतून लावला, की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं. दुसऱ्या दिवशी मिसेस डफींनी आपली टोपी हलवली. मग बसवाल्या बाईने बूट. दुकानदाराने काउंटरवर गोंदाच्या चार बाटल्या आणि कात्र्या मांडूनच ठेवल्या. लोक कॉफी घेऊन बसत आणि कापत. जे कोलाजमध्ये नव्हते ते घरून आपले फोटो घेऊन आले आणि जागा शोधून डकवू लागले. एकमेकांशी वर्षभर न बोलणारी माणसं "जरा तो गोंद दे" म्हणायला लागली.

हे लायल काचेतून बाहेरून बघायचा आणि आत जायची त्याची हिंमत व्हायची नाही. एकदा गेला. हार्लनने सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"कबूल करून टाक ना, लेका," तो म्हणाला. "आता आम्ही रागावलेलो नाही. कबूल कर, की हे मीच आहे."

"तो मॉडेल आहे, हार्लन. तुला शंभर वेळा सांगितलं."

माणूस अजून खोटं बोलतोय याचं सगळ्यांना वाईट वाटलं.

गावसभेचा मंगळवार उजाडला. शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, एका भिंतीला दुपारच्या जेवणाची टेबलं, त्यावर घेवड्याच्या पातेल्यांची, हॅमची आणि ॲपल-पायची रांग. एरवी सत्तर-ऐंशी लोक आले तरी पुष्कळ म्हणायचे. आज खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. बायकांनी विणकाम काढलं. आणि बहुतेकांच्या मांडीवर अहवाल होता, कापलेला, चिकटवलेला, गोंदाने फुगलेला. दोन अहवाल एकसारखे नव्हते.

नॉरीन व्यासपीठाशेजारच्या टेबलावर सभेचं टिपण घेत बसली होती. तिने आज लाल कोट घातला नव्हता. जुना राखाडी स्वेटर घातला होता आणि त्यात ती एकदम म्हातारी दिसत होती. आपण हात लावायला नको होता त्या कागदाला, असं त्याला मनापासून वाटलं.

सभेचे अध्यक्ष अबेल टटल. ते रीतसर हातोडा आपटून एकेक विषय घेत गेले. बर्फासाठी रस्त्यांवर टाकायची वाळू झाली, अग्निशमनाची गाडी झाली. मग क्लार्कच्या निवडीचा विषय आला. दोन नावं सुचवली गेली आणि अबेलनी दोघींना थोडं बोलायची मुभा दिली. नॉरीन उभी राहून एवढंच म्हणाली की मी अठरा वर्षं हे काम केलंय आणि मला ते आवडतं. आणि बसली.

मग रोवेना उठली. तिने बगलेतून एक कॅटलॉग काढलं.

लायलने ते दुरूनच ओळखलं. तोच अंक. अख्खा, कुठेही भोक नसलेला. ज्याच्यासाठी त्याने अडीच आठवडे गाव पालथं घातलं होतं तो, दवाखान्याचा शिक्का मारलेला.

"गेले काही दिवस आपण सगळे या चित्रावरून भांडतोय," रोवेना म्हणाली. "मी फक्त खरं काय ते दाखवते. पान चौतीस. हा तपकिरी कोट. पान बारा, ही हिरवी टोपी. पान एक्कावन्न, लाल कोट. यातलं कोणीही आपलं नाही. हे सगळे बाहेरचे आहेत. आपल्या गावाच्या अहवालावर, ज्यांनी आपल्या गावात कधी पाय ठेवला नाही अशी माणसं छापली गेली, आणि ती आपल्या क्लार्कच्या डोळ्यांदेखत छापली गेली."

आणि तिने कॅटलॉग पुढच्या रांगेत दिलं. ते हातोहात मागे सरकत गेलं. विणकामाच्या सुया थांबल्या. चुकीच्या बाजूला उभं केलं तर वेस्ट कॅडवेल एखादवेळी माफ करील. पण बाहेरचा माणूस! इथे पन्नास वर्षं राहिलेल्यालाही लोक अजून "ते न्यू जर्सीवाले" म्हणतात. नॉरीन टिपणवहीत लिहीत होती. मग तिची लेखणी थांबली.

हार्लन उठला.

"अध्यक्षमहाराज," तो म्हणाला, "बाईंचं म्हणणं असं दिसतंय, की मी दुकानात काउंटरपाशी बसून, चष्मा लावून, परक्या माणसाचं कोपर कापलं."

कुठूनतरी कुजबुज सुरू झाली.

"सदुसष्ट वर्षं झाली, हे कोपर मी रोज वापरतोय," हार्लन म्हणाला. "मला माझं कोपर कळत नाही का?"

कुजबुज वाढली. मिसेस डफी म्हणाल्या की टोपी एक वेळ कोणाचीही असेल, पण ती घालायची पद्धत माझी आहे. निळ्या मफलरवाल्या बहिणी एका सुरात काहीतरी म्हणाल्या. रोवेनाने पान वर धरून पुन्हा दाखवलं तर मागून कोणीतरी म्हणालं, कॅटलॉगवाल्यांनी इथलेच फोटो चोरले असतील, त्यांचा काय भरवसा. अबेलना चार वेळा हातोडा आपटावा लागला.

"असं करू," ते म्हणाले. "ज्याने केलंय तो इथेच आहे. लायल, उभा राहा. सभेपुढे उत्तर दे. हे कोपर हार्लनचं आहे का नाही?"

लायल उभा राहिला. अडीच आठवडे तो जे ओरडून सांगत होता, ज्याच्यापायी त्याची झोप उडाली होती, ते सिद्ध करणारा पुरावा समोर होता, आणि प्रश्न विचारणारा गावसभेचा अध्यक्ष होता. नुसतं "नाही" म्हणायचं होतं. त्याने सभोवार पाहिलं. जवळच्या रांगांतल्या अहवालांची मुखपृष्ठं वर होती आणि त्यातला लाल कोट त्याला दिसला. घंटेवाल्यांनी आपापल्या अहवालात तो कापून घंटेच्या बाजूला लावला होता. बसवाल्यांनी बसच्याच बाजूला ठेवला होता, वर त्याला पेनाने छान कडा काढल्या होत्या. एकाने तर त्या रिकाम्या खुर्चीवरच बसवला होता. प्रत्येकाला नॉरीन आपल्याकडे हवी होती.

नॉरीन त्याच्याकडे बघत नव्हती. तिने डोळे वहीवर खिळवून ठेवले होते.

"हार्लनचं आहे," लायल म्हणाला.

सभेने एकदम सुस्कारा सोडला.

"आणि माझी टोपी?" मिसेस डफींनी विचारलं.

"तुमचीच."

"बूट?"

"हो, हो. तुझेच."

"मफलर?" दोघी बहिणींनी विचारलं.

लायलला आता मागे फिरायला वाटच नव्हती. "मफलर हिचा," तो म्हणाला, "पण मान तुझी."

दोघी खूश झाल्या. अशा रीतीने पान बारापासून पान बावन्नपर्यंतची सगळी माणसं त्याने एकेक करून गावाला वाटून टाकली. ओढ्यापलीकडच्या शेतकऱ्यालासुद्धा एक हातमोजा मिळाला.

"मग इतके दिवस नाकारत का होतास?" अबेलनी विचारलं.

"लाज वाटत होती," लायल म्हणाला, आणि तेवढं मात्र त्या क्षणी अगदी खरं होतं.

"शेवटी खरं बोलला बिचारा," मागून एक म्हातारा म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चिठ्ठ्यांनी मतदान झालं. नॉरीन एकशे चौऱ्याऐंशी, रोवेना एकोणतीस. शाळेच्या प्रश्नावर दोन तास चर्चा झाली, आणि अखेर सर्वानुमते असं ठरलं की एक समिती नेमावी आणि तिने वर्षभर विचार करावा.

जेवणाच्या वेळी रोवेना एका कोपऱ्यात एकटीच बसली होती, पुढ्यात घेवड्याची थाळी आणि कॅटलॉग. लायल ॲपल-पायची बशी घेऊन तिच्या शेजारून जायला लागला, तर तिने त्याला थांबवलं.

"मी खरं बोलत होते, हे तुला माहितेय ना?" ती म्हणाली.

"माहितेय."

"मग?"

"मीही अडीच आठवडे खरंच बोलत होतो, रोवेना," लायल म्हणाला. "माझं काय झालं ते तू बघत होतीस."

मग तिने कॅटलॉग त्याच्याकडे सरकवलं. म्हणाली, घेऊन जा, मला नको ते आता. लायलने ते कोटाच्या आत घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

परतताना गाडी तोच चालवत होता. रस्त्यावर चिखल आणि बर्फाचा काला झाला होता. कॅटलॉग पोटाला टोचत होतं. नॉरीन टिपणवही मांडीवर घेऊन बसली होती आणि अठरा वर्षांत पहिल्यांदाच ती गाडीत काहीतरी गुणगुणत होती. लायलला बरं वाटलं. एवढ्यासाठी खोटं बोलायला काही हरकत नव्हती, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"माझ्यासाठी तू सगळ्या गावापुढे खोटं बोललास," नॉरीन म्हणाली.

"हं."

"हार्लनचं कोपर. डफीबाईंची टोपी. तो हातमोजा तर अगदीच फेकलास."

"सुचेल ते बोललो."

"चांगलं केलंस." तिने मांडीवरची वही मिटली. "पण आता इथे कोणी नाहीये, लायल. मी तुझी बायको आहे. माझ्याशी खोटं बोलू नकोस."

"नाही बोलणार. काय?"

"ती लाल कोटवाली. ती मीच ना रे?"

लायलने वळण घेतलं. पोटाशी पान एक्कावन्न होतं, अख्खं, किमतीसकट. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, तिच्या खाली आलेल्या डाव्या खांद्याकडे पाहिलं, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.

"तूच," तो म्हणाला.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," नॉरीन म्हणाली, आणि तिने हीटर थोडा वाढवला.